दप्तर आणि त्याचा पत्ता

(संगणकातील नेहमीचे फोल्डर एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना होणाऱ्या चुका व त्यांची दुरुस्ती या विषयावर केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मजकडे सोपविलेला विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. अध्यापनाशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात नवल नाही. परंतु ज्या शाळेत एकच व्यक्ती मुख्याध्यापक, लिपिक, ग्रंथपाल आणि शिवाय दोन इयत्तांचा शिक्षक असते, त्या शाळेचे चित्र आपण डोळ्यांपुढे आणावे. विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, यू-डायस प्लससाठी जमविलेली माहिती हे सारे तेथे एकाच यंत्रात साठविलेले असते. एके दिवशी ते यंत्र सुरू करावे आणि डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर रिकामा दिसावा, तर त्या शिक्षकाच्या मनाची स्थिती काय होत असेल, हे मी वर्णन करण्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी वर्गात शिकविणे होत नाही, हे मात्र निश्चित.

अशा वेळी माणूस गडबडतो, आणि गडबडीत जे उपाय केले जातात त्यांनीच बहुधा खरे नुकसान होते. म्हणून मुख्य गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो. फोल्डर हलविताना चूक झाली म्हणजे माहिती सहसा नष्ट झालेली नसते. तिची जागा आणि तिचा पत्ता यांची फारकत झालेली असते. पत्ता दुरुस्त करता येतो. घाईने पुसून टाकलेली माहिती परत मिळविणे मात्र दुष्कर असते. हा भेद ज्याच्या ध्यानी राहिला, त्याने निम्मी दुरुस्ती केली असे समजावे.

आता हे नेहमीचे फोल्डर म्हणजे काय ते पाहू. आपल्या बहुतेक शाळांतील संगणक विंडोज या प्रणालीवर चालतात. ही प्रणाली प्रत्येक वापरकर्त्यासाठी काही फोल्डर आपण होऊन तयार करून ठेवते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाऊनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक आणि व्हिडिओज हे त्यांतील प्रमुख सहा होत. ते सी ड्राइव्हवर, यूजर्स नावाच्या फोल्डरात, त्या त्या वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये हीच जागा डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या नावाने होती; २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून यूजर्स हे सुटसुटीत नाव रूढ झाले, आणि विंडोज ११ मध्येही तेच आहे.

हे सहा फोल्डर इतर साध्या फोल्डरांसारखे दिसतात खरे, पण त्यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. त्यांचे पत्ते प्रणालीने आपल्या एका नोंदवहीत लिहून ठेवलेले असतात. या नोंदवहीला रजिस्ट्री असे म्हणतात. आपण एखादे पत्र लिहून जतन करू लागलो, म्हणजे लेखनाचा प्रोग्राम आधी त्या नोंदवहीला विचारतो, ‘डॉक्युमेंट्स कोठे आहे?’ नोंदवही जो पत्ता सांगेल तेथे ते पत्र जाते. म्हणजे प्रत्येक नेहमीच्या फोल्डराला दोन अंगे असतात. एक अंग म्हणजे प्रत्यक्ष जागा, जेथे फायली असतात. आणि दुसरे अंग म्हणजे नोंदवहीतील पत्ता.

पूर्वी पुष्कळ गावांत शाळा चावडीत किंवा देवळात भरत असे. पुढे तिला स्वतःची इमारत मिळाली, म्हणजे दोन कामे करावी लागत. शाळेचे दप्तर नव्या इमारतीत न्यावयाचे, आणि शाळेची पाटी चावडीवरून काढून नव्या इमारतीवर लावून टपालवाल्यास तसे कळवावयाचे. यांपैकी एक काम केले आणि दुसरे राहिले, तर काय घोटाळा होईल हे कोणीही सांगू शकेल. दप्तर गेले पण पाटी तेथेच राहिली, तर नवे टपाल जुन्या चावडीत जमा होत राहील. पाटी गेली पण दप्तर राहिले, तर नव्या शाळेत पाऊल टाकणाऱ्यास रिकामी कपाटे दिसतील. संगणकातील फोल्डरांचे नेमके असेच होते, आणि बहुतेक चुकांचा उगम या एका गोष्टीत सापडतो.

मुळात हे फोल्डर हलवावेत तरी कशासाठी? याला दोन सबळ कारणे आहेत. पहिले असे की, सी ड्राइव्हवर प्रणाली स्वतः राहते, आणि त्यातच छायाचित्रे व चित्रफिती साठत गेल्या म्हणजे जागा अपुरी पडते व यंत्र मंदावते. दुसरे असे की, प्रणाली बिघडली तर दुरुस्तीदार पुष्कळदा सी ड्राइव्ह पूर्णपणे पुसून प्रणाली नव्याने घालतो; त्या वेळी डी ड्राइव्हवरील फायली सहसा सुरक्षित राहतात. दोन्ही कारणे योग्यच आहेत. तथापि एक इशारा येथेच देतो. पुष्कळ यंत्रांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ती डिस्कच निकामी झाली तर दोन्ही भाग एकदमच जातील. म्हणून फोल्डर डी ड्राइव्हवर नेणे म्हणजे माहितीची दुसरी प्रत ठेवणे नव्हे.

चुकांकडे वळण्यापूर्वी योग्य रीत सांगतो, म्हणजे चूक कोठे होते ते आपोआप कळेल. प्रथम डी ड्राइव्हवर ‘शाळा’ या नावाचा एक फोल्डर करावा, आणि त्यात ‘डॉक्युमेंट्स’ या नावाचा दुसरा, रिकामा फोल्डर करावा. नंतर सी ड्राइव्हवरील मूळ डॉक्युमेंट्सवर माऊसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे. तेथे लोकेशन नावाचे पान असते. त्यात मूव्ह हे बटण दाबून आपण नुकताच केलेला फोल्डर निवडावा आणि अप्लाय म्हणावे. तेव्हा प्रणाली विचारते की, जुन्या जागेतील सर्व फायली नव्या जागी न्यावयाच्या काय? त्यास होकार द्यावा. म्हणजे पाटी आणि दप्तर ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. प्रत्येक फोल्डरासाठी ही कृती वेगळी करावी, आणि प्रत्येकासाठी डी ड्राइव्हवर निराळा फोल्डर आधीच तयार असावा.

पहिली चूक या अखेरच्या प्रश्नापाशीच होते. प्रश्न इंग्रजीत असतो, मन साशंक असते, आणि ‘काही बिघडू नये’ म्हणून शिक्षक ‘नाही’ म्हणतो. पत्ता बदलतो, फायली मागे राहतात, आणि डॉक्युमेंट्स रिकामा दिसू लागतो. वास्तविक काहीही गेलेले नसते. डाव्या बाजूच्या यादीतील डॉक्युमेंट्स न उघडता धिस पीसी, सी ड्राइव्ह, यूजर्स आणि आपले नाव अशा वाटेने चालत गेले, म्हणजे जुना डॉक्युमेंट्स आपल्या सर्व फायलींसह तेथे सापडतो. त्यातील फायली निवडून त्यांची नव्या जागी नक्कल करावी, त्या उघडतात याची खात्री करावी, आणि मगच जुन्या जागेतील काढाव्यात. प्रॉपर्टीजच्या पहिल्या पानावर फोल्डरातील फायलींची संख्या व आकारमान दिसते. पटावरील मुले आणि वर्गातील मुले आपण रोज ताडून पाहतो. तशीच ही संख्या दोन्ही जागी ताडून पाहावी.

दुसरी चूक याच्या उलट जातीची आहे. शिक्षक पत्त्याच्या भानगडीत न पडता फायली तेवढ्या माऊसने ओढून डी ड्राइव्हवर टाकतो. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एकाच ड्राइव्हच्या आत फाईल ओढली तर ती हलते. पण एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ओढली तर तिची केवळ नक्कल होते आणि मूळ प्रत जागेवरच राहते. परिणामी एकच निकालपत्रक दोन ठिकाणी असते. एके दिवशी शिक्षक एका प्रतीत गुण भरतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रतीत, आणि महिन्याअखेर दोन्ही प्रती अपुऱ्या व दोन्ही खऱ्या अशी अवस्था होते. ही चूक रिकाम्या फोल्डरासारखी भेडसावीत नाही, म्हणूनच ती अधिक घातक आहे.

तिची दुरुस्ती अशी करावी. दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडून फायली ‘डेट मॉडिफाइड’, म्हणजे शेवटच्या बदलाच्या तारखेप्रमाणे लावाव्यात. ज्या फायली एकाच जागी आहेत त्या खुशाल दुसऱ्या जागी न्याव्यात. ज्या दोन्हीकडे आहेत, पण ज्यांच्या तारखा किंवा आकारमाने भिन्न आहेत, त्यांपैकी एकीच्या नावापुढे ‘जुनी’ असा शब्द जोडून दोन्ही ठेवाव्यात, आणि सवडीने उघडून पाहाव्यात. नवी तारीख म्हणजे पूर्ण फाईल असे समजू नये. काल एकच ओळ लिहिलेली प्रत, परवा चाळीस मुलांचे गुण भरलेल्या प्रतीपेक्षा तारखेने नवीच ठरते. सर्व फायली एकत्र आल्या म्हणजे लोकेशनच्या पानावरून पत्ताही बदलावा. पत्ता जुनाच ठेवला तर हा घोटाळा पुन्हा सुरू होईल.

याच जातीचा आणखी एक गैरसमज आहे. सेटिंग्जमध्ये, स्टोरेज या विभागात, नव्या वस्तू कोठे जतन व्हाव्यात हे ठरविण्याची सोय असते. तेथे डी ड्राइव्ह निवडला म्हणजे सर्व फायली तिकडे गेल्या, अशी पुष्कळांची समजूत होते. ती सोय केवळ पुढे होणाऱ्या फायलींसाठी आहे. पूर्वीच्या फायली जेथल्या तेथेच राहतात. म्हणून ती वापरल्यावर जुन्या फायली दिसल्या नाहीत, तर त्या सी ड्राइव्हवरील मूळ जागी शोधाव्यात.

तिसरी चूक सर्वांत घोटाळ्याची आहे, आणि ती फार सहज घडते. मूव्हचे बटण दाबल्यावर फोल्डर निवडावयाचा असतो. शिक्षक डी ड्राइव्हच निवडतो आणि अप्लाय म्हणतो. आता डॉक्युमेंट्सचा पत्ता ‘डी ड्राइव्हवरील अमुक फोल्डर’ असा न राहता ‘डी ड्राइव्ह’ एवढाच झाला. शाळेची पाटी शाळेवर न लावता गावाच्या वेशीवर लावावी, तसे हे झाले. सारे गावच शाळा ठरले! डॉक्युमेंट्स उघडावा तर डी ड्राइव्हवरील यच्चयावत वस्तू त्यात दिसतात. दुरुस्तीसाठी प्रॉपर्टीज उघडावे, तर ड्राइव्हची माहिती समोर येते आणि लोकेशनचे पान पुष्कळदा सापडतच नाही.

ते पान सापडले तरीही येथे फार सावध राहावे. तेथे रिस्टोअर डिफॉल्ट, म्हणजे ‘मूळ पत्ता परत द्या’, असे बटण असते. ते दाबल्यावर फायली हलवावयाच्या काय, असा प्रश्न पुन्हा येतो. या प्रसंगी त्यास होकार दिला, तर डॉक्युमेंट्समधील म्हणून डी ड्राइव्हवरील सारे काही सी ड्राइव्हवर येऊ लागेल. वेशीवरची पाटी परत आणावयास गेलो आणि अवघे गाव चावडीत कोंबू लागलो, असा तो प्रकार होईल. सी ड्राइव्हवर तेवढी जागा नसेल, काम अर्ध्यावर थांबेल, आणि घोटाळा दुप्पट होईल. म्हणून पहिल्या चुकीच्या वेळी होकार हे योग्य उत्तर होते, तर या चुकीच्या वेळी नकार हेच योग्य उत्तर आहे. प्रश्न तोच, पण परिस्थिती वेगळी. यास्तव उत्तर पाठ न करता प्रश्नाचा अर्थ समजून घ्यावा.

लोकेशनचे पान सापडतच नसेल, तर नोंदवहीतील पत्ता हाताने दुरुस्त करावा लागतो. हे काम अवघड नाही, पण बेफिकिरीने करण्याजोगेही नाही. ज्या खात्यात चूक झाली त्याच खात्यात प्रवेश करून रजिस्ट्री एडिटर उघडावा. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर आणि यूजर शेल फोल्डर्स, अशा क्रमाने आत जावे. शेजारीच नुसत्या ‘शेल फोल्डर्स’ नावाची दुसरी जागा असते; तिला हात लावू नये, आणि ‘ती वापरू नका’ अशी सूचना तिच्यातच लिहिलेली आढळते. योग्य जागी पोहोचल्यावर प्रथम एक्स्पोर्ट ही आज्ञा वापरून त्या पानाची प्रत काढून ठेवावी. नोंदवहीत खाडाखोड करण्यापूर्वी मूळ नोंदीची प्रत ठेवणे हे दप्तराचे काम करणाऱ्यास सांगावयास नको.

तेथे प्रत्येक फोल्डराचे नाव आणि त्यापुढे त्याचा पत्ता दिसेल. डॉक्युमेंट्सची नोंद मात्र ‘पर्सनल’ या नावाने असते. पिक्चर्सची ‘माय पिक्चर्स’, म्युझिकची ‘माय म्युझिक’ आणि व्हिडिओजची ‘माय व्हिडिओ’ या नावाने असते. डाऊनलोड्सची नोंद महिरपी कंसातील एका लांबलचक सांकेतिक क्रमांकाने असते, आणि त्याचा आरंभ ३७४डीई२९० असा होतो. ज्या नोंदीपुढे केवळ डी ड्राइव्ह एवढाच पत्ता आहे, ती नोंद उघडून तेथे आपण आधी तयार केलेल्या फोल्डराचा पूर्ण पत्ता लिहावा. म्हणजे डी, त्यापुढे विसर्गासारखे चिन्ह, मग उलटी तिरकी रेघ, ‘शाळा’, पुन्हा तीच रेघ आणि ‘डॉक्युमेंट्स’. ड्राइव्हचे अक्षर रोमन असावे आणि फोल्डराचे नाव जसे ठेवले असेल तसेच, त्याच लिपीत लिहावे. त्यानंतर खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. आता डॉक्युमेंट्स रिकामा दिसेल, पण घाबरू नये. त्याच्या फायली डी ड्राइव्हच्या मोकळ्या जागेत, इतर वस्तूंच्या सोबत पडलेल्या असतील. त्यांतील आपल्या तेवढ्या निवडून नव्या फोल्डरात ठेवाव्यात.

इतके करूनही डी ड्राइव्हला डॉक्युमेंट्सचे नाव किंवा चिन्ह चिकटून राहिले, तर त्याचे कारण ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ ही लहानशी लपलेली फाईल होय. नेहमीच्या फोल्डराचे नाव व चिन्ह तीत लिहिलेले असते, आणि फोल्डराबरोबर तीही प्रवास करते. ही त्या फोल्डराची जुनी पाटीच समजावी. लपलेल्या व संरक्षित फायली दाखविण्याची सोय तात्पुरती चालू करून चुकीच्या जागेतील तेवढी ही फाईल काढावी, आणि मग ती सोय पुन्हा बंद करावी.

चौथी चूक म्हणजे दोन फोल्डरांना एकच पत्ता देणे. डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवरील एका फोल्डरात नेला, आणि नंतर डाऊनलोड्स नेताना तोच फोल्डर पुन्हा निवडला. दोन शाळांच्या पाट्या एकाच दारावर लागल्या. मग दोहोंतील फायली एकमेकींत मिसळतात, दोन्ही एकाच नावाने दिसू लागतात, आणि त्यांतील एकास दुसरीकडे नेऊ गेल्यास, ‘याच जागी दुसरा फोल्डर असल्याने हे करता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. येथेही उपाय नोंदवहीतच आहे. दोहोंसाठी डी ड्राइव्हवर दोन नवे, निराळ्या नावांचे फोल्डर करावेत, आताच सांगितलेल्या रीतीने प्रत्येक नोंदीपुढे आपापला पत्ता लिहावा, आणि पुन्हा प्रवेश करून फायलींची वाटणी हाताने करावी. वाटणी करताना जी फाईल कोणाची हे कळत नाही, ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवावी; डाऊनलोड्स साफ करण्याची आपणा सर्वांस सवय असते, आणि त्या साफसफाईत एखादी महत्त्वाची फाईल जाण्याचा संभव असतो.

पाचवी चूक ही चूक कमी आणि अनवधान अधिक. काही जण हे फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर नेतात. ती वस्तू काढली, किंवा दुसरे एखादे साधन जोडल्यामुळे तिला निराळे अक्षर मिळाले, की नोंदवहीतील पत्त्यावर कोणीच राहत नाही, आणि ‘ही जागा उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. हा संदेश आल्यास नवे काहीही करण्यापूर्वी ते साधन जोडून पाहावे. जोडूनही काम होत नसेल, तर डिस्क मॅनेजमेंट या सोयीतून त्या ड्राइव्हला पूर्वीचे अक्षर परत द्यावे. तेवढ्याने सर्व फोल्डर जागच्या जागी दिसू लागतील. पेनड्राइव्ह ही वस्तू ने-आण करण्यासाठी आहे, वस्ती करण्यासाठी नव्हे. सबब नेहमीचे फोल्डर तिच्यावर कधीही नेऊ नयेत.

प्रणाली नव्याने घातल्यानंतरही अशीच स्थिती होते. डी ड्राइव्हवरील फायली सुरक्षित असतात, परंतु नव्या प्रणालीची नोंदवही कोरी असते. तिला आपला जुना पत्ता ठाऊक नसतो, म्हणून डॉक्युमेंट्स पुन्हा सी ड्राइव्हवर आणि रिकामा दिसतो. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली असल्याने नवी प्रणाली किंवा नवे यंत्र घेण्याचे प्रसंग आता अधिक येतात, म्हणून हे ध्यानात असावे. उपाय सोपा आहे. लोकेशनच्या पानावरून डी ड्राइव्हवरील जुनाच फोल्डर निवडावा, म्हणजे पाटी पुन्हा आपल्या इमारतीवर लागते.

सहावा प्रसंग आपल्या खेड्यांत विशेष घडतो. फायली हलत असतानाच वीज जाते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलविणे म्हणजे आधी नक्कल करणे आणि मग मूळ प्रत काढणे असे असते. म्हणून काम मध्येच थांबले तर काही फायली इकडे, काही तिकडे, आणि एखादी अर्धवट उतरलेली, असे दृश्य दिसते. अर्धवट फाईल उघडत नाही किंवा तिचे आकारमान मुळापेक्षा कमी असते. तिची मूळ प्रत जुन्या जागी शोधावी. बाकीच्यांसाठी दुसऱ्या चुकीची दुरुस्ती येथे जशीच्या तशी लागू पडते. विजेची खात्री नसेल तर हे काम अशा लॅपटॉपवर करावे की ज्याची बॅटरी भरलेली आहे, किंवा वीज स्थिर असेल त्या वेळी करावे.

शेवटी वनड्राइव्हविषयी दोन शब्द. नव्या यंत्रांवर ही सोय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांचे पत्ते आपल्याकडे वळवून घेते, आणि घाईत कोणते बटण दाबले हे वापरकर्त्याच्या लक्षातही राहत नाही. लोकेशनच्या पानावरील पत्त्यात ‘वनड्राइव्ह’ हा शब्द दिसला, तर आधी त्या सोयीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या फोल्डराचे बॅकअप थांबवावे, आणि मगच तो हलवावा. थांबविल्यानंतर फायली पुष्कळदा वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहतात. तेव्हा त्या गेल्या असे न समजता तेथे पाहाव्यात.

आता या सर्वांतून निघणारे नियम थोडक्यात सांगतो.

१. फायली दिसेनाशा झाल्या तर प्रथम हात थांबवावा. काहीही पुसू नये, काहीही नव्याने घालू नये, आणि रीसायकल बिन रिकामी करू नये.

२. नाव आठवते अशी एखादी फाईल मनात धरून धिस पीसी उघडावा व शोधाच्या जागेत तिचे नाव लिहावे. ती जेथे सापडेल तेथेच तिच्या सोबतिणीही बहुधा असतील.

३. लोकेशनच्या पानावर पत्ता काय आहे तो कागदावर लिहून घ्यावा. जागा आणि पत्ता यांतील फरक डोळ्यांस दिसला, म्हणजे कोणती चूक झाली हे कळते.

४. आधी नक्कल, मग पडताळणी, मग पत्त्याची दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी जुनी प्रत काढणे. हा क्रम मोडू नये.

५. वर सांगितलेले सहा फोल्डर हलविण्याजोगे आहेत. विंडोज, प्रोग्राम फाइल्स, ॲपडेटा आणि समग्र यूजर्स फोल्डर हे हलविण्याजोगे नाहीत. प्रणालीचा पाया त्यांवर असतो.

६. प्रत्येक खात्याची नोंदवही स्वतंत्र असते. मुख्याध्यापकांच्या खात्यात केलेला बदल सहशिक्षकांच्या खात्यास लागू होत नाही.

७. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत या यंत्राच्या बाहेर, दुसऱ्या साधनावर अवश्य असावी. वर्षाचा निकाल तयार झाला, पट बदलला, हिशेब पूर्ण झाला, अशा प्रत्येक वेळी ती प्रत ताजी करावी.

बंधुभगिनींनो, तांत्रिक गोष्ट पुष्कळ झाली. परंतु हा विषय मी केवळ यंत्राच्या सोयीसाठी मांडलेला नाही. आपल्यापैकी अनेक जण संगणकापुढे बसले म्हणजे उगीचच संकोचतात. काही बिघडले तर आपल्यावर ठपका येईल, या भीतीने ते कोणासही विचारीत नाहीत, आणि गावाबाहेरचा एखादा जाणकार जे करील ते मुकाट्याने मान्य करतात. दुरुस्तीदाराने ‘सगळे पुसावे लागेल’ म्हटले की ते मान डोलावतात. त्या वेळी, ‘थांबा, पुसण्यापूर्वी यूजर्समध्ये आणि डी ड्राइव्हवर काय आहे ते आपण पाहू’, एवढे एक वाक्य ज्या शिक्षकास म्हणता आले, त्याने आपल्या शाळेचे कित्येक वर्षांचे दप्तर वाचविले. त्या दप्तरात एखाद्या मुलीची जन्मतारीख असते, एखाद्या स्थलांतरित कुटुंबातील मुलाच्या उपस्थितीची नोंद असते, पुढे कधीतरी त्या मुलांस हक्काने मागावा लागणारा दाखला ज्यावरून तयार होतो तो मजकूर असतो. ती माहिती आपली नसते. आपण तिचे केवळ रखवालदार असतो.

ही भाषा आपणास परकी आहे, असेही समजण्याचे कारण नाही. आवक-जावक नोंदवही, जडवस्तू संग्रह नोंदवही, विद्यार्थ्यांचे जनरल रजिस्टर ही सारी आपण शिस्तीने राखतोच. वस्तू एकीकडे आणि नोंद दुसरीकडे, असे झाले म्हणजे आपण वस्तू फेकून देत नाही. नोंद शोधतो, ताळा घेतो आणि दुरुस्तीखाली सही करतो. संगणकापुढेही हीच शिस्त कामास येते. आपल्या केंद्रातील प्रत्येक शाळेने या महिन्यात एवढेच करावे की, यंत्रातील सहाही फोल्डरांचे पत्ते प्रॉपर्टीजमध्ये पाहून एका कागदावर उतरवावेत, आणि तो कागद दप्तरात लावून ठेवावा. ज्या दिवशी अडचण येईल, त्या दिवशी तो एक कागद अर्धे काम करील.

कोणास शंका असल्यास त्या आताच विचाराव्यात. आणि ज्यांचा एखादा फोल्डर आज रिकामा दिसत असेल, त्यांनी तो तसाच ठेवून, यंत्रासह पुढील परिषदेस यावे. आपण सर्व मिळून तो शोधू.